संधिवात, पहाटेची प्रार्थना आणि 'विश्वास कमी पडतोय' हे बोलणं

खडकीकर
सलाम. आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट (संधिवात आवरायचं औषध) आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. पहाटे पाचला गुडघे टेकून प्रार्थना करायची तिची जुनी सवय, पण आता उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत. प्रार्थनासभेत कुणीतरी म्हणालं, विश्वास पुरा असता तर एव्हाना बरं वाटलं असतं. तेव्हापासून तिने शास्त्र (बायबल) मिटूनच ठेवलंय. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) कडक उपास धरायचं म्हणते. काय सांगू?

रुग्णसेविका
दादा, आधी उपासाचं बघा. उपासापायी स्टेरॉइड एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेतली तर जठरात व्रण होऊ शकतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. आजारी माणसाला उपासातून सूट कॅथलिक मंडळीतही आहे. अन्नाऐवजी संध्याकाळचा टीव्ही सोडला तरी तो उपासच.

वेळही बदला. न्याहारी, गोळ्या, कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, आणि प्रार्थना साडेनऊला. गुडघे टेकू नयेत; पाठ टेकेल अशा खुर्चीत बसावं. शास्त्र हातात धरलं की मनगटावर भार येतो. तुळशीबागेत पोथी ठेवायचा लाकडी स्टँड मिळतो, तो टेबलावर ठेवा.

पंचहौदजवळचा
त्या बोलण्याबद्दल. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे न जाणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. कृपा पुरे आहे, एवढं उत्तर मिळालं (2 करिंथ 12). त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात ठेवलं (2 तीमथ्य 4:20). त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. उपदेश नाही. आईला 1 राजे 19 वाचून दाखवा.

मग स्तोत्र 13, फक्त सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' चार वेळा येतं, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. चूक इथे होते की लोक आजाऱ्याला थेट पाचव्या ओवीवर नेतात. आईला दोन-तीन दिवस पहिल्या दोन ओव्यांवरच राहू द्या आणि 'कोठवर?'च्या पुढे तिचं स्वतःचं वाक्य येऊ द्या: कोठवर मला साडी नेसायला दुसऱ्याचे हात लागणार? भरवशाची ओवी येईनाशी झाली, तर स्तोत्र 88 आहेच. ते अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच आहे.

फिलिप्पै 4:7 मधली शांती अंतःकरण 'राखील' असं म्हटलंय. मूळ शब्द पहारा देणाऱ्या सैनिकांचा, आणि हे पत्र कैदेतून लिहिलंय. दुखणं गेल्यावर येणारी शांती ती ही नव्हे. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंना कमी ऐकू येत होतं, 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी शास्त्राच्या भाषांतराचं काम त्यांनी 1922 मध्ये मरण येईपर्यंत सोडलं नाही.

खडकीकर
स्तोत्र 13 आजच वाचतो. पाळकसाहेबांना घरी बोलवावं का?

पंचहौदजवळचा
जरूर. याकोब 5:14 मध्ये मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) बोलावणं हे आजाऱ्यानेच करायचं आहे, त्यात भीड नको. संध्याकाळी पाचनंतर, पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त तिघं. सुजलेले हात कुणी धरू नयेत, डोक्यावर हलका हात पुरे, हे आधीच फोनवर सांगा. काय मागायचं तेही आईनेच सांगावं: झोप, औषध सोसणं, मनातली भीती. प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षारसाचा) छोटा पेला बोटांत धरवत नाही. अर्धाच भरून दोन्ही तळव्यांत द्यायला सांगा.

रुग्णसेविका
एक राहिलं. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त उतरलेलं असेल तर ते अविश्वासाचं लक्षण समजू नका, डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फुकट.