'प्रोटेक्टेड'ला मराठीत काय म्हणावं?

खर्डेघाशा: कॉलेजच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची टिपणं मराठीत करतोय. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा, मेथड म्हणजे त्यातलं एकेक काम. क्लासमधली कुठली मेथड बाहेरून वापरता येईल, हे पब्लिक, प्रोटेक्टेड आणि प्रायव्हेट या तीन शब्दांनी ठरतं. 'सार्वजनिक' आणि 'खासगी' जमून गेलं, 'संरक्षित'वर गाडी अडली. वाचणाऱ्याला वाटतं, पासवर्ड लावलाय. दुसरं काही सुचतंय का?

पडवी: 'संरक्षित' नकोच. सी++ मध्ये प्रोटेक्टेड म्हणजे तो क्लास स्वतः आणि त्याच्यापासून पुढे निघालेले क्लास (फ्रेंड म्हणून खास परवानगी दिलेल्यांची भानगड तूर्तास सोडा). इन्हेरिटन्सला आपण 'वारसा' म्हणतोच, मग सरळ 'वारसांपुरतं' म्हणा. जावा शिकवत असाल तर मात्र जपून. तिथे वारस नसलेल्या, पण त्याच पॅकेजातल्या (म्हणजे एकत्र ठेवलेल्या कोडच्या त्याच गठ्ठ्यातल्या) क्लासलाही प्रोटेक्टेड मेथड वापरता येते.

अर्धविराम: 'खासगी' तरी कुठे जमलंय? खासगी माहिती म्हटलं की पगार, आजारपण असलं काही डोळ्यांपुढे येतं. प्रायव्हेट मेथडमध्ये गुपित काहीच नसतं. कोड खुला असेल तर खुशाल वाचावी, बाहेरून कॉल करायला, म्हणजे वापरायला, गेलात की कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) अडवतो, इतकंच. पायथनमध्ये तर तेवढाही धाक नाही. नावाआधी एक अंडरस्कोर लावायचा, समोरच्याने काय ते समजायचं. मी 'अंतर्गत' म्हणेन.

जाता जाता, गो भाषेत हे तिन्ही शब्द नाहीतच. नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर ते पॅकेजबाहेर जातं. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? 'गणन' नावाचं फंक्शन लिहिता येतं, पण ते कायम पॅकेजातच राहतं. 'बेरीज' तर लिहिताच येत नाही, कारण मात्रा आणि वेलांटी गोच्या लेखी अक्षरं नव्हेत. नावाआधी रोमन कॅपिटल एक्स चिकटवला तर 'गणन' बाहेर पडतं. दिसतं भयंकर!

खर्डेघाशा: 'वारसांपुरतं' आवडलं, 'अंतर्गत'ही घेतो. 'सार्वजनिक'वर तरी एकमत आहे ना?

बांधावरून: माझं नाही. 'सार्वजनिक'मध्ये दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक, ते कॉल करता येतं. दुसरी, लिहिणाऱ्याने ते पुढेही टिकवायचा शब्द दिलाय. जावातला 'सन.मिस्क.अनसेफ' हा मेमरीला थेट हात घालू देणारा क्लास बघा. 'सन'ने सुरू होणारी पॅकेजं आमच्या आतल्या कामाची आहेत, वापरू नका, असं जावा बनवणारी सन कंपनी सांगत आली होती. तरी वेगाच्या लोभाने मोठमोठ्या लायब्ररींनी (इतरांनी वापरावा म्हणून लिहिलेल्या तयार कोडने) तो वापरला. २०१७ मध्ये जावा ९ ने आतली पॅकेजं मॉड्यूलमध्ये (पॅकेजांच्या मोठ्या कप्प्यांत) बंदिस्त करायला घेतली, तेव्हा हा क्लास बंद करता आला नाही. त्याला 'जेडीके.अनसपोर्टेड' नावाच्या मॉड्यूलमध्ये उघडाच ठेवावा लागला. नावातच लिहिलंय की जबाबदारी आमची नाही, तरी दार उघडंच!

यासाठी आपल्याकडे मुरलेला शब्द आहे, 'वहिवाट'. शेतातून लोकांची बैलगाडी वर्षानुवर्षं जात असेल आणि मालकाने काटे टाकले, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. वापरणारे पुरेसे झाले की इंटरफेसचं (कोडच्या बाहेरून वापरायच्या बाजूचं) दिसेल ते प्रत्येक वागणं कुणीतरी गृहीत धरतंच, हा गुगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम म्हणजे ही वहिवाटच. म्हणून जे नुसतं कॉल करता येतं ते 'खुलं' म्हणा, 'सार्वजनिक' हे जबाबदारी घेतलेल्यासाठी राखून ठेवा.

पडवी: पटलं. पण टिपणांत नेटवर्कवरच्या सेवांचा धडा असेल तर 'खुलं'ही पुरणार नाही, किती वेळा खुलं तेही सांगावं लागेल. यूपीआयमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येते. दार सगळ्यांना उघडं, पण फेऱ्या मोजलेल्या. रेट लिमिटला 'कोटा' म्हणा, रेशनमुळे सगळ्यांना कळतो.

खर्डेघाशा: घेतला. राहता राहिली जावातली चौथी पातळी, शब्दच न लिहिता मिळणारी.

अर्धविराम: 'पॅकेजपुरतं'. आणि कोडच्या उदाहरणांत मूळ इंग्रजी कीवर्डच राहू द्या, एरर आला की पोरांना तोच वाचायचाय.