मदत हवी आहे: स्वतःच्या आजाराची गोष्ट लिहायची आहे, पण वहीचीच भीती वाटते

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचं गाव देवगड तालुक्यात. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अती उसळतं, कधी पार खचतं असा आजार. निदान होऊन 6 वर्षं झाली. लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध चालू आहे, ठरलेल्या रक्ततपासण्या होतात, डॉक्टर कणकवलीला. दोन वर्षं बरी गेली. आता समुपदेशक बाई म्हणतात, आजाराची गोष्ट तुझ्या शब्दांत लिही. फायलीत डॉक्टरांनी लिहिलंय, गावात लोक सांगतात, तू कधी सांगितलंच नाहीस. पुढच्या महिन्यात त्यांच्या गटात 10 मिनिटं वाचायचंही ठरलंय.

अडचण अशी, की मी एकदा लिहून बसलेय. पहिल्या आजारपणात, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, माझी झोप उडाली आणि दोन रात्रींत 200 पानी वही भरली. समासही सोडले नाहीत. हापूसच्या पेट्या बोटीने थेट लंडनला न्यायचा आराखडा, वाडीतल्या प्रत्येक घराला काय नडलंय त्याची यादी, असलं काय काय. चवथीच्या आदल्या रात्री माटवीची (गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीची) कवंडाळं म्हणजे रानफळं, सुपाऱ्यांचे घड, आंब्याचे टाळ सगळं उतरवून परत बांधलं. तीनदा. पहाटे बाबा उठले तेव्हा माझ्या बोटांना सुतळीने चिरे पडले होते. पुढे देवळात गाऱ्हाणं, कौल, मग कोणीतरी शहाणपणाने डॉक्टर सुचवला. मधला महिनाभर मला काहीच आठवत नाही.

त्यामुळे आता वही उघडली की आई दारात येऊन उभी. "परत लिवूक लागलंस?" रात्री माझ्या खोलीतला दिवा विझला का ते दोनदा बघून जाते. तिला काय बोलणार! मलाच कळत नाही. एखादं पान भराभर आणि छान उतरलं की मी घाबरून थांबते. हा नुसता लिहिण्याचा आनंद, की परत सुरू झालं?

दुसरं, तो न आठवणारा महिना कसा लिहू? बाबा एक सांगतात, वहिनी वेगळंच (आणि तिचं जास्त रंगतदार असतं). तिसरं, धाकट्या भावासाठी मुली बघतायत. आमच्याकडे कोणी जरा वेगळं वागलं की "रत्नागिरीक धाडा हेका" म्हणून हसतात, तिथे मनोरुग्णालय आहे म्हणून. मी गटात वाचलं आणि ते बाहेर गेलं तर? कोणी लिहिलं असेल तर सांगा.

सुरंगी: मलाही हाच आजार, 11 वर्षं. मी फक्त दुपारी लिहिते, 20 मिनिटांचा गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. पानाच्या डोक्यावर आदल्या रात्री किती तास झोपले ते टाकते. झोप कमी झाली आणि तरी थकवा नाही, असं दोन रात्री झालं तर वही बंद, डॉक्टरांना फोन. पान छान उतरलं म्हणून घाबरू नकोस गं, झोपेकडे बघ. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलीमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 आहे, मोफत, मराठीत बोलतात.

खाडीपल्याड: जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा प्रयोग यात नेहमी सांगितला जातो. रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस, मनाला लागलेल्या प्रसंगांवर लिहायचं. लिहिल्या लिहिल्या लोकांना जास्त उदास वाटलं, फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला. पण ती कॉलेजची धडधाकट मुलं होती, त्यामुळे बायपोलरला तसंच्या तसं लावू नका. पहिली काही पानं बाईंसमोर बसून लिहा. भावाच्या लग्नाचं म्हणाल तर, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि इतर आरोग्य व्यावसायिकांना बंधनकारक आहे. गटातल्या माणसांवर तसं बंधन नाही, वाचण्याआधी सगळ्यांकडून शब्द घ्या. गावाचं नाव आणि माटवी गाळली तरी गोष्ट उरते.

दादूस: माझ्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. न आठवणारे दिवस तिने आमच्या तोंडून लिहिले, "दादा सांगतो", "आई सांगते" असं करून. जुळलं नाही तिथे दोन्ही ठेवलं. तुमच्या आईंना विचारलंत का? तुम्ही बाबा आणि वहिनी लिहिलंय फक्त.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. दादूस, खरंच विचारलं नव्हतं. काल आई सुंगटं (कोळंबी) सोलत होती तेव्हा विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, त्या महिन्यात तू दिवसभर बडबडायचीस, पण तिन्हीसांजेला पायरीवर येऊन माझ्याकडे पाठ करून बसायचीस. वेणी घालून होईपर्यंत गप्प. कधीकधी मी मुद्दाम सोडून परत घालायचे.

हे मला घरात कोणीच सांगितलं नव्हतं. दुपारी गजर लावून लिहिलं, 7 तास झोप. गटात बहुतेक एवढंच वाचेन. भावाशी मात्र अजून बोलणं झालेलं नाही, तो शनिवारी मुंबईहून येतोय.