घराजवळ फिरायला जुनी रॅले सायकल घ्यावी का?

दांडियाबाजारकर
शेजारच्या आजोबांकडे 1970 च्या सुमारास इंग्लंडहून आलेली रॅले आहे. दहा गिअर, खाली वळलेलं हँडल, पोलादी फ्रेम. 7,000 मागतायत. माझं वय 54. इथे बडोद्यात सकाळी कमाटी बागेची चक्कर, संध्याकाळी भाजी, रविवारी फार तर अकोट्यापर्यंत, एवढंच चालवणं. मिस्त्री बघून म्हणाला, "फ्रेम सारी छे, बाकी बधुं नाखवुं पडशे." म्हणजे फ्रेम चांगली आहे, बाकी सगळं नवं टाकावं लागेल. मला ती मनापासून आवडली आहे. नळ्या सांध्यांत बसवून पितळेनं इतक्या सफाईनं जोडल्या आहेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. तरी तुमची मतं हवीत, विरोधातली आधी.

काळाघोडा_रोज
मग माझंच आधी ऐका. घेऊ नका.
त्या सायकलीला क्रोमचे पोलादी रिम असणार. कोरड्या रस्त्यावर ठीक, पण रिम ओलं झालं की ब्रेक रबर नुसतं घसरतं. माझ्याकडे अशीच होती. जुलैच्या पावसात काळ्या घोड्याच्या चौकात दोन्ही ब्रेक आवळूनही ती थांबली नाही, एका स्कूटरवर जाऊन आदळलो. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.
दुसरं, टायर. तिची चाकं 27 इंची, म्हणजे रिम 630 मिलिमीटरचं. दुकानदार 27.5 चा टायर काढून देतो, तो 584 चा, बसणारच नाही. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा 28 इंची 635 चा, तोही नाही. तिसरं, नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या बऱ्याच रॅलेंमध्ये पॅडलचा मधला एक्सल ज्या कपांत फिरतो त्यांना इंचाला 26 आटे असतात, इतरांना 24. कप झिजला तर इथे कुठे शोधणार?
भाजी आणायला सरळ हँडलची नवी सायकल घ्या.

मांजलपूरची
ब्रेकचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण त्यासाठी अख्खी सायकल कशाला नाकारायची? तीन वर्षं मी अशीच जुनी पोलादी सायकल चालवतेय. पहिल्या महिन्यात फक्त पुढचं चाक बदललं, अ‍ॅल्युमिनियमचं 700 सी रिम टाकून. ते 622 चं, म्हणजे ब्रेक रबर 4 मिलिमीटर खाली घ्यावं लागतं. जुन्या ब्रेकचे हात लांब असतात, बहुतेक वेळा जमतं. आधी मोजून बघा. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं खरं काम पुढचंच चाक करतं. टायरचा प्रश्नही निम्मा सुटतो. मागचं सावकाश करा.
आणि ही फ्रेम खड्ड्यांतून किती मऊ चालते ते पंधरा मिनिटं चालवल्याशिवाय कळणार नाही हो, दादा.

काळाघोडा_रोज
ताई, चाक, रबरं, केबल, चेन, मजुरी धरली की 7,000 चे किती होतात ते त्यांनाही सांगा. शिवाय गिअरचे दांडे खालच्या नळीवर. मांडवीच्या गर्दीत हँडल सोडून हात खाली न्यायचा?

मांजलपूरची
खर्च होतो, नाकारत नाही. म्हणून 7,000 देऊच नयेत, 4,000 च्या वर जाऊ नका. गिअरचं म्हणाल तर बडोदा सपाट आहे. मी एका मधल्या गिअरवर घरी परत येते, दांड्याला हात लागत नाही.

कारेलीबाग_74
मला एकच विचारायचंय. सायकल तळमजल्यावर होती का? 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्याकडे कित्येक घरांत शिरलं होतं. बुडालेल्या सायकलीचा बाहेरचा रंग पुसून चकचकीत करता येतो, गंज नळीच्या आतून खातो. सीटची दांडी काढा, सायकल उलटी करा, फ्रेमवर लाकडानं ठोका. तपकिरी पापुद्रे पडले तर सोडून द्या. दांडी हललीच नाही तर ती आत धरली आहे, मग उंचीही जुळवता येणार नाही. पुढच्या चिमट्याच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती समोरून कुठेतरी धडकली आहे.
शेवटी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून वरच्या नळीवर उभे राहा. नळी अंगाला टेकली तर सायकल मोठी आहे. याला इलाज नाही.

दांडियाबाजारकर
आज जाऊन आलो. सायकल दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत होती, पाणी लागलेलं नाही. फुगवटा नाही. उभं राहिल्यावर नळी आणि माझ्यात दोन बोटं अंतर राहतं. सीटची दांडी मात्र जाम आहे. मिस्त्रीनं बोल्ट सैल करून तेल सोडलंय, रविवारपर्यंत मुरू द्या म्हणाला. आजोबांना सांगून आलो: दांडी निघाली आणि आतून गंज पडला नाही, तर 4,000. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

काळाघोडा_रोज
घेतलीत तर पुढचं चाक बदलेपर्यंत पावसात काढू नका. एवढं माझ्यासाठी करा.