‘ब्रॅकेट मॅच’ला काय म्हणायचं? कंस, गट की जोड?

बोरूवाला
एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतोय. विषय अमेरिकेतला ‘फास्ट ड्रॉ’. काउबॉयचा वेष करून उभं राहायचं, दिवा लागला की कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून समोरच्या चकतीवर मेणाची गोळी झाडायची. ज्याची आधी लागेल तो जिंकला.
अडलंय ते इथे: मुख्य स्पर्धेखेरीज संयोजक ‘ब्रॅकेट मॅच’ लावतात. प्रत्येकाच्या वेळा बघून साधारण सारख्या वेगाची माणसं एकत्र काढायची आणि त्यांच्यात्यांच्यात सामने. मी ‘कंस सामने’ लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला, “कृष्णाचा मामा?” ‘गटसामने’ केलं, तर म्हणे वर्ल्डकपची साखळी वाटते. त्यात एकाच वाक्यात पिस्तूल काढायचा ड्रॉ आणि सामन्यांचा ड्रॉ, दोन्ही आलेत. शुक्रवारी फाइल द्यायचीय. सुचवा.

गणिताचे मास्तर
कंसात वावगं काय? संस्कृतात कंस म्हणजे धातूचं भांडं, कासं त्यातलंच. भांड्याची कड वाकडी, म्हणून गणितातला तो कंस. मी वर्गात हेच सांगत आलोय.

कोशकीटक
मास्तर, भांड्यापर्यंत ठीक. कडेची गोष्ट तुमची, कोशाची नव्हे. मुळात हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस आणि मराठीत कोष्टक म्हणजे तक्ता. पाठ केलेली मापांची कोष्टकं आठवा. टेनिसवाले पहिल्या फेरीपासून अंतिमपर्यंत रेघा ओढतात, ते खरं तर कोष्टक. बोरूवाला, तुम्हाला त्यातलं काहीच नकोय. तुमचं ब्रॅकेट म्हणजे आयकराचा टप्पा असतो तसं. ‘समवेगी द्वंद्वे’ लिहा आणि मोकळे व्हा.

लिंबगोटी
समवेगी द्वंद्वे! हा फिजिक्सचा पेपर आहे का?

बोरूवाला
उपशीर्षकाला एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं मिळतात हो. आणि प्रेक्षकाला ते दोन सेकंदांत वाचायचं असतं.

सिएरापलीकडे
मी अमेरिकेत नेव्हाडातल्या रीनोत असतो, तिथल्याच फॉलन गावात ही स्पर्धा बघितलीय. कोष्टक की टप्पा हे ठरवण्याआधी तिथे काय चालतं ते ऐका.
चोवीस इंच व्यासाची लोखंडी चकती, मध्ये दिवा, अंतर २१ फूट. काडतुसात दारू नाही, त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी (प्रायमर) असते, नुसत्या तिच्या जोरावर मेण सुटतं. “शूटर्स सेट” म्हटल्यावर २ ते ५ सेकंदांत केव्हाही दिवा लागतो. दोघे शेजारीशेजारी उभे, तोंड आपापल्या चकतीकडे. पाचांत तीन बार ज्याचे आधी लागले त्याचा सामना. हरला त्याच्या नावापुढे फुली. ठरलेल्या फुल्या भरल्या की बाद.
आता पट्टीचा नेमबाज ४०० मिलिसेकंदांच्या आत चकती वाजवतो आणि नवखा पाऊण सेकंद घेतो. दिवा बघून हात हलायलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो, म्हणजे खेळ उरलेल्या वेळाचा. नवखा दुपारच्या जेवणाआधी फुल्या भरून बसतो. एवढ्या लांबून गाडी हाणत आलेला माणूस मग दिवसभर काय करणार? त्याच्यासाठी हे ब्रॅकेट.
संयोजकाची खरी डोकेदुखी पुढे आहे. माणसाचा वेग मोजायचा कशावरून? सगळ्यात चांगल्या वेळेवरून मोजलं तर एखादा बार नशिबाने लवकर बसलेला माणूस वरच्या गटात जाऊन मार खातो. सरासरी धरली तर चुकलेल्या बारांचं काय करायचं? चकतीला लागलंच नाही तर वेळच नाही. आणि काही महाभाग सुरुवातीला मुद्दाम हळू झाडतात, खालच्या गटात शिरतात आणि बक्षीस मारतात. मोटारींच्या ड्रॅग रेसिंगमध्ये यावर तोड आहे: आपली वेळ आधी जाहीर करायची, तिच्यापेक्षा लवकर पोचलात तर हरलात. हा नियम इथेही लावता येतो, पण वेगाच्या खेळात वेगवान म्हणून हरवायचं हे निदान मला तरी विचित्र वाटतं.

तालमीतला
हळू झाडतो त्याला मराठीत शब्द आहे: अंग चोरतो. आणि तुमच्या ब्रॅकेटलाही आहे. जत्रेच्या मैदानात पोरं हात वर करून आखाड्याला फेरी मारतात. पंच एकेकाची मान, खांदे, कान बघतात आणि जोड लावतात. रेवडीवरची कुस्ती आधी, मग इनामाचा आकडा चढत जातो, एक नंबरची शेवटी. दोघं तोडीस तोड असले की काटाजोड. हे सगळं मिलिसेकंदाशिवाय चालतं. मोडलेला कान दिसला की वस्ताद काय ते ओळखतो, तिथे अंग चोरून भागत नाही. ‘जोडीच्या लढती’ लिहा.

लिंबगोटी
‘जोडीच्या लढती’ म्हणजे डबल्स वाटेल. बॅडमिंटनचे.

तालमीतला
शहरात वाटेल.

कोशकीटक
जोड दोघांची असते, यांना दहा-बारा जणांचा जथा हवाय. शब्द चांगला आहे म्हणून कुठेही बसत नाही.

धुरळा
मग आमच्या बैलगाडा शर्यतीकडे या. गट, सेमी, फायनल. गटाला कोणी साखळी म्हणत नाही, ‘गटपास झाला’ म्हणतात. आणि वरचढ बैलांपुढे कोवळा टिकत नाही, म्हणून आदत मैदान वेगळं, ओपन वेगळं. दातांवरून ठरतं: आदत, दुसा, चौसा. अंग चोरायचा प्रश्नच नाही, तोंड उघडून बघायचं. आदत म्हणजे ‘अदंत’, पक्के दात न आलेला.

गणिताचे मास्तर
आदत फारसी-अरबी ना? सवय. ज्याला अजून शर्यतीची सवय लागायचीय तो.

धुरळा
मास्तर, दुसा-चौसा दातांवरून आणि मधेच एकटा आदत सवयीवरून? चार गाडेवाल्यांना विचारा.

कोशकीटक
कधी नव्हे ते मी धुरळ्याच्या बाजूने.

बोरूवाला
दात राहू द्या. ‘तोडीच्या लढती’ चालेल का? आणि फास्ट ड्रॉचं काय? ‘शीघ्र उपसा’ असं एकाने सुचवलंय.

लिंबगोटी
उपसा जलसिंचन योजना, टप्पा क्रमांक दोन. टेंडर कधी निघतंय?

कोशकीटक
हसू नका. तलवार उपसतात, तसं पिस्तूल का नाही? शिवाय हा त्यांचा दीडशे वर्षांचा वारसा आहे, त्याला भारदस्त शब्द हवा.

सिएरापलीकडे
वारसा म्हणताना जपून. समोरासमोर उभं राहून पिस्तूल काढल्याचा नीट नोंदलेला प्रसंग म्हणून १८६५ मधली स्प्रिंगफील्ड, मिसूरीची हिकॉक-टट लढत सांगतात, आणि तीही साधारण ७५ यार्डांवरून. हा घड्याळ लावून खेळायचा खेळ १९५० च्या दशकातला, कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक बागेत काम करणाऱ्या डी वूलमपासूनचा. आजही लोक खऱ्या नावाने उतरत नाहीत, टोपणनावाने उतरतात.

पाटलाचा नातू
उपसणे तलवारीला. म्यान लांब असतं, पातं ओढत बाहेर येतं. पिस्तूल काढतात, रोखतात आणि घोडा ओढतात.

सिएरापलीकडे
घोडा ओढत नाहीत. घोडा म्हणजे मागचा हातोडा, तो चढवतात. बोटाखाली असतो तो चाप. या खेळात सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, प्रत्येक बाराला घोडा हाताने चढवावाच लागतो, सगळं कसब त्यातच आहे.

पाटलाचा नातू
आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. आमच्याकडे बोटाखालचा तो घोडा.

लिंबगोटी
मुंबईत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, भांडण मिटलं.

कोशकीटक
ती टोळ्यांची भाषा. ती आणायची तर मग ‘खटका’ पण आणा.

पाटलाचा नातू
खटका सापळ्याचा. बंदुकीला खटका म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. कुठल्या जिल्ह्याचे तुम्ही?