कोन सोडा, फोटो बघा

दादा, निपाणीजवळ तुम्हाला जास्त वेगाचं चलन आलं, आणि कॅमेरा तिरका होता म्हणून वेग जास्त दाखवला, असं तुम्ही लिहिलंय. तो मुद्दा टिकणार नाही. कॅमेऱ्यातलं वेग मोजणारं रडार तिरकं असलं की वेग उलट सहसा कमीच दिसतो. त्यापेक्षा फोटो मोठा करून बघा. शेजारून ट्रक जातोय का? रडारच्या झोतात दोन गाड्या आल्या की भलत्याचा वेग आपल्या नावावर पडू शकतो. माझ्या स्कूटरवर कुणाच्या तरी कारचं चलन आलं होतं, नंबरप्लेटवरच्या 3 चा 8 वाचलेला! फोटो आणि आरसी दाखवल्यावर रद्द झालं. केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ प्रमाणे कॅमेरा-यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, कॅमेरा असलेल्या रस्त्याच्या टप्प्याआधी इशाऱ्याचा फलकही हवा. प्रमाणपत्राची प्रत लेखी मागाच. नोटीस कन्नडमध्ये असेल तर तारीख, वेळ, ठिकाण जाणत्याकडून वाचून घ्या.