सुट्टीत सगळ्यांनी मिळून पाहिलेला सिनेमा : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची सुट्टी लागतेय. घरात आई ७४ वर्षांची, मुलगी ७ वर्षांची, आणि दोघींचा एकच हट्ट, टॉकीजला जाऊ या. घरी फोनवर रोज काही ना काही बघणं चालूच असतं, पण ज्याचा त्याचा कोपरा वेगळा. एकाच अंधारात शेजारीशेजारी बसून घरच्यांसोबत पाहिलेल्या सिनेमांबद्दल तुमच्याकडून ऐकायचंय. लिहिताना वर आपल्या गावाचं नाव टाका.

सुरुवात मी करतो. १९९८ साली ‘छोटा चेतन’ हिंदीत नव्याने लागला होता. मूळ मल्याळम, १९८४ चा, भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा. सांगलीत आम्ही आत्या, काका, भावंडं धरून ११ जण गेलो. दारात चष्मे वाटले. आजीने तो आपल्या जाड भिंगांच्या चष्म्यावर चढवला, पण नाकावर टिकेना, म्हणून सिनेमाभर हाताने धरून बसली. पडद्यावरून काही अंगावर आलं की सगळं थिएटर ओरडत हात पुढे करायचं. आजीचा एक हात चष्म्याला आणि दुसरा माझ्या कपाळापुढे आडवा, मला काही लागू नये म्हणून.

परभणी

माझा अनुभव १९७५ चा, ‘जय संतोषी माँ’चा. आजोळी सुट्टीला गेले होते. आजीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, सिनेमा बघून मगच जेवणार म्हणाली. आत शिरताना बायकांनी चपला दाराशीच काढल्या. आरतीचं गाणं लागल्यावर कुणीतरी निरांजन पेटवलं आणि डोअरकीपर हात जोडून उभा राहिला. मी ९ वर्षांची होते. मला ते देऊळच वाटलं, आणि अजूनही त्या दुपारची आठवण देवळाचीच म्हणून येते.

लालबाग, मुंबई

आमचं थिएटर भारतमाता. बाबा गिरणीत मागावर होते. दिवाळीचा बोनस झाला की आईच्या हातात किराण्याचे पैसे, आमचे कपडे आणि एका मराठी सिनेमाची पाच तिकिटं, हे ठरलेलं. बाबा रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे, आंघोळ करायचे आणि तसेच दुपारच्या खेळाला आमच्याबरोबर निघायचे. पहिलं गाणं संपायच्या आत त्यांची मान कलायची. पडद्यावर ढोल वाजतोय, लोक शिट्ट्या मारतायत, आणि आई आम्हाला दबक्या आवाजात सांगतेय, “हळू बोला, बाबा झोपलेत.” इंटरव्हलला वडा आणला तरी ती त्यांना उठवायची नाही, त्यांचा वडा कागदात बांधून ठेवायची. रात्री चाळीत जेवताना बाबा म्हणायचे, “सांगा आता गोष्ट.” मग आम्ही तिघं भावंडं एकमेकांना खोडत सांगायचो. धाकटा नाच करून दाखवायचा. बाबा इतके हसायचे की मला वाटायचं, खरा सिनेमा आपल्या खोलीतच होतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या दिवाळीला बोनस नव्हता. मामाने तिकिटं काढून दिली. त्या दिवशी बाबा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत जागे होते. रात्री त्यांनी गोष्ट विचारली नाही. धाकट्याने न विचारताच सांगायला घेतली आणि त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

पुणे

धागाकर्त्यांना एक सांगणं, सिनेमाचं प्रमाणपत्र आधी बघा. कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार आता ‘यूए’चे, म्हणजे मुलांना दाखवायचं की नाही हे पालकांनी ठरवायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग आहेत. मुलगी ७ वर्षांची आहे, म्हणजे तुम्हाला ते उपयोगाचं आहे. पण प्रमाणपत्राने सगळं भागत नाही. मागच्या मे महिन्यात ५ वर्षांच्या नातीला एका मल्टिप्लेक्समध्ये लहान मुलांच्या सिनेमाला नेलं, आणि आधी भुताच्या सिनेमाचा ट्रेलर लावला. पोर माझ्या शर्टात तोंड खुपसून थरथरत होती. तक्रार केली, पण उत्तर मिळालं नाही. आता कडेच्या खुर्च्या घेतो आणि मुख्य सिनेमा सुरू होईपर्यंत तिला घेऊन बाहेर थांबतो. एसीसाठी स्वेटर न्या. आईंसाठीही.

नागपूर

‘तारे जमीन पर’, डिसेंबर २००७, नाताळची सुट्टी. मुलगा तिसरीत होता. वाचन जमत नव्हतं, आम्ही दोघंही त्याला रागवत होतो. आमच्या मते तो आळशीपणा होता. अर्धा सिनेमा व्हायच्या आत तो माझ्या कानात म्हणाला, “आई, याला पण माझ्यासारखंच होतं.” यांनी ते ऐकलं. घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. जानेवारीत त्याची तपासणी करून घेतली. निदान सिनेमातल्या मुलाचंच निघालं, डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचता-लिहिताना येणारी अडचण. आज तो नोकरीला आहे.

न्यू जर्सी

इथे मराठी सिनेमाचा एखादाच खेळ लागतो, तोही बरेचदा इथल्या मराठी मंडळाने खटपट केल्यावर. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सासूबाई आलेल्या असताना असाच एक मिळाला. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर डबे उघडून सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले आणि मग आत गेलो. माझ्या मुलांना मराठी कळतं, पण विनोद निसटतात, म्हणून ती इंग्रजी सबटायटल वाचत होती. वाक्य पडद्यावर आधी उमटायचं आणि नट ते नंतर बोलायचा, त्यामुळे मुलं आधी हसायची. सासूबाई दर वेळी वळून म्हणायच्या, “अरे, तो अजून बोललाही नाही!” मग त्या हसायच्या, आणि त्यांना हसताना बघून मुलं पुन्हा.