मदत हवी आहे: बिअरचा नळ अडकतो, आतून पितळही दिसायला लागलंय

मंडळी, न्यू जर्सीत राहतो, घरीच बिअर करतो. जुन्या फ्रिजच्या दाराला भोकं पाडून दोन नळ बसवलेत, क्रोमचा मुलामा दिलेले पितळी. चार-पाच दिवस वापरले नाहीत की दांडा गच्च धरतो. शनिवारी पाहुण्यांसमोर जोर लावला तर मूठच हातात आली. बायको अजून हसतेय.

काल पाना लावून नळ सोडवला. आतल्या दांडीवर काकवीसारखा चिकट थर, आणि तोटीच्या आतल्या कडेला मुलामा उडून पिवळं पितळ उघडं पडलंय. पहिला ग्लास नाणं चाटल्यासारखा लागतो, दुसरा ठीक. बिअर आंबट, त्यामुळे पितळाला खात असणार असा माझा कयास.

दर दोन आठवड्यांनी नळीतून पीबीडब्ल्यूचं (बिअरची भांडी-नळ्या धुवायची अल्कली पावडर) कोमट पाणी फिरवतो, मग स्टार सॅन हे जंतुनाशक, पाच गॅलनला एक औंस. पण नळ सुटा करून कधी घासला नव्हता, कबूल. आईची पितांबरी आठवली, आत लावायचं धाडस झालं नाही.

कडेला खरखरीत पांढरट थरही आहे, बहुतेक बिअरस्टोन, म्हणजे बिअरमधल्या कॅल्शियमचा साचलेला क्षार. तो काढायला आम्लाचं क्लीनर उघड्या पितळावर चालेल का? की सरळ ३०४ स्टेनलेसचे, पुढून बंद होणारे नळ घ्यावेत? त्यांत आत हवा शिरत नाही, म्हणून बिअर वाळून चिकटत नाही म्हणतात. कुणी वर्षभर वापरलेत का? आणि ओ-रिंगला (नळातल्या रबरी कडीला) कोणतं ग्रीस लावता, ज्याने फेस बसत नाही?

पुढच्या शनिवारी परत पाहुणे आहेत.